गाडीवरची उलटी अक्षरं

पूल ओलांडून झाला तरी सदानंदकाका अवाक्षर बोलले नव्हते. मंजुषाला हे नवीन होतं. जपानमधल्या उरायासुच्या कम्युनिटी सेंटरात दर शनिवारी ती त्सुनामीत भिजलेले फोटो धुवायची, काका ते कधीचे असावेत ते सांगायचे, आणि मग दोघं गप्पा मारत निशी-कसाईला पायी घरी यायची.

काका मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीतून जपानला आले आणि रिटायर होऊन इथेच राहिले. वडील मिरजेत सर्कशीच्या मिरवणुकीतल्या गाड्या रंगवत. त्यामुळे तसली गाडी फोटोत दिसली की काका आधी चाकं बघत, मग रंग. “नावावर जाऊ नये,” ते म्हणत. “नाव दर गावाला नव्यानं रंगवतात. माझे बाबाच रंगवायचे.”

आज मात्र ते नावावरच गेले होते. घर वाहून गेल्यावर उत्तरेकडून लेकीकडे राहायला आलेल्या होशिनो-सान आजींना एक फोटो सापडला होता. सर्कशीची घोडागाडी, वर छत्री घेतलेली मुलगी, चेहरा समुद्रानं पुसलेला. आजींची थोरली बहीण युद्ध संपल्यावर सर्कशीत गेली होती आणि तिचा एकही फोटो उरला नव्हता. “ही माझी ताई का हो?” त्यांनी विचारलं. गाडीवरचं नाव उजवीकडून डावीकडे लिहिलेलं. जुन्या काळी, युद्ध संपेपर्यंत, जपानीत आडवं तसंच लिहीत. काका म्हणाले, “नाही. फोटो युद्धाआधीचा आहे.”

आजींनी वाकून नमस्कार केला आणि फोटो बेवारशी पेटीत परत ठेवला. ती पेटी उद्या सकाळी देवळात जाणार होती. ज्यांचं कुणी नाही ते फोटो तिथे मंत्र म्हणून अग्नीला देतात. मंजुषाला ते बरं वाटायचं. निदान कचऱ्यात तरी जात नाहीत.

सिग्नलला मासळीचा एक ट्रक समोर थांबला.

“मंजुषा, त्या ट्रकवरचं नाव वाच.”

“अहो काका, मला कुठे एवढं... अगंबाई, हे तर उलटं लिहिलंय!”

“मग हा ट्रक काय युद्धाआधीचा?” काका कपाळाला हात लावून म्हणाले. “गाडीच्या उजव्या अंगाला हे लोक नाव पुढच्या टोकापासून लिहितात. आजही! आणि फोटोतल्या घोड्याचं तोंड उजवीकडेच होतं. इतकी वर्षं मी हे ट्रक म्हशीसारखा बघत राहिलो. शिवाय चाकं रबराची होती, अलीकडच्या काळातली. मनात खटकलंही होतं.”

“म्हणजे ती त्यांची ताईच?”

“ते कोण सांगणार? चेहराच नाही. पण ‘नाही’ म्हणायला मला काही आधार नव्हता.”

“देवानंच धाडला हो हा ट्रक.”

“धाडायचाच होता तर तासभर आधी धाडायचा!”

मंजुषानं सेंटरला फोन लावला. कुणी उचलेना. दोघं मागे वळली. पुलाच्या चढावर काका कठड्याला धरून थांबले, गुडघा चोळू लागले.

“तू पुढे हो,” ते म्हणाले. “सेंटर बंद करायच्या आत पेटीतून फोटो काढून घे आणि आजींना फोन कर. पण ताईच आहे असं सांगू नकोस हं. आणि माझी बाजूही घेऊ नकोस. सदानंद-सान चुकले, एवढंच सांग.”