खुर्चीसकट बाई गाडीत

माझी बायको गेली, अजून वर्ष झालं नाय. ती असती तर म्हणाली असती, "लिहायला बसलात? आधी चष्मा पुसा."

पाय गेल्यापासून ती व्हीलचेअरवर होती. कुठं जायचं म्हटलं की मी तिला उचलून रिक्षात ठेवायचो. माणसं बघत उभी राहायची. तिला ते लई लागायचं. "सिमेंटचं पोतं हाय का मी?" म्हणायची. शेवटी तिनं विहारात जाणंसुद्धा सोडलं.

पोरगी परदेशात असते. तिनं आम्हाला बोलावून घेतलं. तिथंही बायको घराबाहेर पडंना. मग पोरीनं एक टॅक्सी मागवली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून रॅम्प म्हणतात तसली लोखंडी फळी खाली सोडली, आणि बायको खुर्चीसकट आत. मी सवयीनं हात पुढं केले होते, ते तसेच राहिले. त्यानं खुर्ची पट्ट्यांनी गाडीला बांधायला घेतली, तसा मी ओरडलो, "अरे, बांधतो काय? शेळी हाय का ती?"

त्याला काय कळणार? बायको म्हणाली, "बांधू द्या हो. तुमच्या घरी बांधलं तवा कुणी ओरडलं नाय."

पोरगी हसून बेजार. तिथं होतो तोवर बायको रोज बाहेर. मी दमलो, ती नाय.

परत आल्यावर घरात पाय ठेवला नाय तोच फर्मान निघालं, "तसली गाडी बघा. मी आता कुणाला उचलू द्यायची नाय."

शहरभर विचारलं. रिक्षावाले हसले. तेवढ्यात करमाडला भाचीचं लग्न निघालं, आणि जायचंच म्हणून ही हटून बसली. मग गल्लीतल्या भाजीच्या टेंपोवाल्या भाईला धरलं. वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची फळी करून घेतली. पट्टे मिळाले नाय, म्हणून बैलाचा कासरा आणला.

"आता खरंच शेळी केली," बायको म्हणाली. पण नवी साडी नेसून बसली.

मांडवापुढं फळी सोडली. खुर्ची जरा जोरातच घसरली. भाईनं पुढून अडवली. बाया जमल्या. एकजण म्हणाली, "अगं बया, मामी भाजीच्या टेंपोत!"

"व्हय," बायको म्हणाली, "ताजी हाय. आणि टेंपो काय बघता? साडी बघा की."

बाया तिला ढकलत आत घेऊन गेल्या. मी कासरा गुंडाळत टेंपोपाशी उभा. पंगती उठल्या तरी मला बोलवायला कुणी आलं नाय. आतून तिचं हसणं तेवढं ऐकू येत होतं.