गुरुजींचा फोन आणि माझा होकार

"काका, तुमच्या गुरुजींनी तुम्हाला ब्लॉक केलेलं नाही," शबाना म्हणाली.

"मग दोन दिवस उत्तर का नाही?"

"ते मला कसं कळणार? मी मोबाइल दुरुस्त करते. ज्योतिष बघत नाही."

रत्नागिरीत स्टँडच्या मागे शबानाचं मोबाइलचं दुकान आहे. शनिवारी सकाळी तिच्या काउंटरवर फोन आपटून मी उभा होतो. एक बाग हातची जाते की राहते, ते त्या फोनवर अडलं होतं.

मी आंब्याच्या बागा कराराने घेतो. म्हणजे झाडं मालकाची आणि मेहनत माझी. खत, फवारणी, राखण, काढणी सगळं मी करायचं. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, फळ माझं. मालक मुंबईला असतात किंवा थकलेले असतात, म्हणून हा धंदा चालतो. मी दुसऱ्याच्या बागेत पेट्या उचलून सुरुवात केली. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कोणाला सोडत नाही.

ही बाग गुरुजींची. जयगड रस्त्याला, माझ्या घरापासून चौदा किलोमीटर. निवृत्त शिक्षक, एकटे राहतात. कानांनी फार कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर बोलत नाहीत. जुना बटणांचा फोन आहे, त्यावर मेसेज लिहितात. शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट. अकरा वर्षं आमचा करार त्या मेसेजवरच ठरत आला.

यंदा त्यांनी अट घातली. घराजवळच्या सहा झाडांना औषध घालायचं नाही.

हे औषध म्हणजे काय, तर मोहोर लवकर यावा म्हणून पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती ओततात. लवकर आलेल्या आंब्याला भाव मिळतो. माझा सगळ्यात आधीचा माल त्याच सहा झाडांचा. गुरुजींचं म्हणणं, ती झाडं बाईंनी, म्हणजे त्यांच्या गेलेल्या पत्नीने, लावलेली, औषधाने थकलीत, त्यांना आता आपल्या गतीने फळू द्या.

माझं डोकं फिरलं. दोन दिवसांत मी सात मेसेज पाठवले. लांबच्या लांब. तुडतुड्याची कीड पडली त्या वर्षी कोण धावलं, वादळात मोडलेल्या फांद्या कोणी उचलल्या, कुंपण कोणी घातलं, सगळं लिहिलं. उत्तर एकच आलं. "अट मान्य असल्यास कळवावे. रविवारपर्यंत वाट पाहीन."

गुरुवारी राग उतरला. सहा झाडं सोडली तरी बाग परवडत होती. मी लिहिलं, "हो. मान्य." उत्तर नाही. दुसऱ्या सिमवरून अनोळखी माणूस होऊन विचारलं, "बाग कराराने द्यायची आहे का?" त्यालाही उत्तर नाही. मी घरात जाहीर केलं, गुरुजींनी माझे दोन्ही नंबर ब्लॉक केले.

"दुसरा नंबर त्यांना माहीतच नाय, तर ब्लॉक कसा करतील?" बायको म्हणाली. "गप जावा नि भेटून येवा."

मी शबानाकडे गेलो. तिने सेटिंगमध्ये जाऊन डिलिव्हरी रिपोर्ट चालू केला आणि दोन्ही नंबरांवरून मेसेज परत पाठवले. डिलिव्हरी रिपोर्ट म्हणजे मेसेज समोरच्या फोनपर्यंत पोचल्याची पोच. दोन्हीकडे 'पेंडिंग' आलं.

"ब्लॉक असलं तरी बहुतेक वेळा पोच येते," ती म्हणाली. "फोन मेसेज घेतो आणि बाजूला टाकतो, एवढंच. तुमचा पोचलेलाच नाही. फोन बंद असेल, रेंज नसेल, नाहीतर आत जागा नसेल. कॉल लावा. ब्लॉक असेल तर एखादी रिंग होऊन कट होईल."

लावला. पूर्ण वाजला.

"चालू आहे की! काका, गाडी काढा आणि जाऊन या."

"हो म्हणालोय मी. आता दारातही जाऊ?"

"मग बसा इथेच. पण जरा बाजूला, गिऱ्हाईक आलंय."

मी गेलो नाही. आमच्या धंद्याची रीत आहे, होकार दिल्यावर मालकाच्या दारात जायचं नाही. गरज दिसली की पुढच्या वर्षी अटी वाढतात. रविवारही तसाच काढला.

सोमवारी दुपारी राहवलं नाही. गुरुजी पडवीत पेपर वाचत होते.

"या दत्ताराम. चहा ठेवू?"

"मला ब्लॉक का केलंत?" मी ओरडलो. त्यांच्याशी एरवीही ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे राग वेगळा दिसत नाही.

"मला मेसेज लिहिता येतो, तेवढं पुष्कळ आहे," त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "हे वर पाकीट उघडझाप करतंय चार दिवस. बघा काय ते."

इनबॉक्स भरलेला होता. बँकेचे मेसेज, रिचार्जच्या जाहिराती, जुन्या विद्यार्थ्यांच्या शुभेच्छा. आणि मी. मराठी मेसेज सत्तर अक्षरांच्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा जागा खातो. माझ्या एकेका मेसेजचे दहा-दहा तुकडे. शेवटचा तर अर्धाच आलेला. कुंपणापाशी संपला होता. माझ्या रागाने जागा भरली आणि होकार बाहेर राहिला.

मी जाहिराती पुसल्या. अडकलेले मेसेज आले, फोन लागोपाठ वाजला. गुरुजींनी चष्मा लावला.

"'हो. मान्य.' हे तुमचं. 'बाग कराराने द्यायची आहे का?' हा कोण?"

"असेल कोणीतरी. मग बाग माझी ना?"

"आज सकाळी दिली हो. दापोलीला शेतकी शिकलेला एक जण आहे, त्याला. त्याचाही मेसेज येत नव्हता म्हणे. मेसेज जात नाही बघून पहिल्या एसटीने स्वतःच आला. सहा झाडं बघितली आणि अट मान्य म्हणाला."

"अकरा वर्षं बाग करणाऱ्या माणसाला एक ओळ लिहायला काय झालं होतं?"

"लिहिली होती की. रविवारपर्यंतची. सात वेळा भांडलात नि गप्प झालात. मला वाटलं, नको असेल तुम्हाला."

मी त्या माणसाचा करार मोडायचा प्रयत्न केला. जास्त देतो म्हणालो. गुरुजी पेपरची घडी घालत राहिले. "शब्द दिलाय, दत्ताराम," एवढंच म्हणाले. चहा मी घेतला नाही.

माझा राग अजून आहे. ते चौदा किलोमीटर त्यांनाही तेवढेच होते, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, त्यांचं वय ऐंशी आहे. असो. कोणी तुम्हाला ब्लॉक केलंय का, हे ओळखायचे सगळे उपाय आता मला येतात. त्यातला बरोबर उत्तर देणारा एकच निघाला, आणि त्याला पाऊण लिटर पेट्रोल लागतं.