भिंतीलगतची झाडं

"आमच्या सुनेला डागिनं नगंत. फुटकी मडकी द्या, लई खूश हुती," असं माझ्या सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. लग्न होऊन तुळजापूरला आले तेव्हा अणदूरच्या माहेराहून मोगऱ्याच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. पुढं परसात फुटके माठ आणि रॉकेलचे डबे रांगेनं लागले. त्यांत अबोली, शेवंती, गुलबक्षी. कुणाच्या दारात नवं झाड दिसलं की माझी झोप उडायची. आता कंबर वाकली, तरी उडतेच.

परसाच्या भिंतीपलीकडं खाला राहायच्या. खाला म्हणजे मावशी, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांचे मालक करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर कारकून होते. घरात मूलबाळ नव्हतं, पण गावठी गुलाब असा की वास आमच्या चुलीपर्यंत यायचा. मागून आणलेली फांदी जगत नाही, चोरून आणलेलीच जगते, असा आमच्या गावात समज होता. म्हणून मला फांदी हवी असली की खाला भिंतीशी येऊन पाठ फिरवायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "या अल्ला, ह्या गावात चोर लई झाले!" तेवढ्यात मी हात साधायचा. मग माझी पाठ फिरायची आणि शेवंती कमी व्हायची. अशा चोऱ्यांवर दोन्ही परसं भरली.

पुढं रझाकारांची दहशत वाढली. आसपासच्या गावांतून लोक गाड्या जुंपून सोलापूरकडं निघाले, तसं आम्हीही निघायचं ठरलं. मी मोगऱ्याचा माठ गाडीत चढवला, तो ह्यांनी उतरवला. "हितं जिवावर बेतलंय आन् तुला मडकी सुचत्यात!" मला रडूही आलं आणि रागही आला. खालांनी भिंतीवरून हात पुढं केला. "परसदाराची किल्ली दे बेटा. तुझ्या झाडांना पानी मी घालते. तू जीव संभाळ."

सोलापुरात एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहिलो. मोगरा जगला असेल का, असं मी बोलून दाखवायची. खाला कशा असतील, हे मनातच ठेवायची. त्या खोलीत तेव्हा कुणा मुसलमानाबद्दल बरं बोललेलं कुणाला सहन झालं नसतं.

फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. दिवाळी सोलापुरातच करून आम्ही परतलो. मी उंबऱ्यावरचा भाकरतुकडा ओवाळून घेतला आणि तशीच परसात धावले. भिंतीलगतची रांग हिरवीगार होती, मोगऱ्याला नवी पालवी होती. मधल्या रांगेनं कसाबसा जीव धरला होता. आडाकडच्या रांगेत नुसत्या काड्या उरल्या होत्या. खरं सांगायचं तर मला आधी संतापच आला. किल्ली दिली होती, मग दोन पावलं पुढं यायला काय झालं?

मग भिंत पाहिली. वरपासून खालपर्यंत पाण्याचे ओघळ वाळले होते. एवढ्यात खाला आमच्या परसात आल्याच नव्हत्या. पलीकडं कशावर तरी उभं राहून, हात पुरेल तिथवर त्यांनी तांब्यानं पाणी फेकलं होतं. मी घरात येऊन विचारलं, "खाला भाईर का येत न्हाईत?" सासूबाईंनी गल्लीत ऐकलेलं हळूच सांगितलं. फौजा आल्यानंतरच्या धामधुमीत त्यांच्या मालकांना नाक्यावरून घरी येताना कुणीतरी वाटेत मारून टाकलं होतं. खाला इद्दतीत बसल्या होत्या. नवरा गेला की त्यांच्यात बाईनं चार महिने दहा दिवस घर सोडायचं नसतं.

नाक्यावर बसून पावत्या फाडणाऱ्या माणसानं कुणाचं काय बिघडवलं होतं? हे मी तेव्हा चारचौघांत विचारलं, आणि ह्यांनी मला गप्प केलं.

"लोक काय म्हनतील?" असं सासूबाई म्हणत राहिल्या आणि मी गेले. खाला पांढऱ्या ओढणीत बसल्या होत्या. मागं त्यांचं परस उन्हानं करपलेलं. गुलाबाचं तर लाकूड झालं होतं. मी विचारलं, "आन् हे वो खाला?"

"भिश्ती दोन दिसाआड एक पखाल टाकतो, तीबी डरत डरत," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात किती भागनार? तुझी अमानत व्हती, बेटा. माझं काय, माझंच की."

मला तिथं बसवेना आणि उठवेना.

इद्दत संपली की हैदराबादेहून भाऊ न्यायला येणार, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. सांगून तर पाहिलं. मग मी मला जमणारं एकच काम धरलं. त्यांच्या गुलाबाच्या फांद्या माझ्याकडं वाढल्या होत्या, त्या कापून त्यांच्या परसात लावल्या. रोज आमच्या आडाचं पाणी नेऊन घातलं. थंडीत फांद्यांना डोळे फुटले, मग पानं आली. खाला खाटेवर बसून बघायच्या. एकदा स्वतः उठून त्यांनी मातीत राख मिसळली. मला वाटलं, जमलं. झाड लागलं की माणूसही राहतो, असा माझा भाबडा हिशेब होता.

संक्रांत झाली आणि भाऊ आला. सामान एका पेटीत मावलं. मी पळत जाऊन एक रोप मुळांसकट डब्यात बसवलं आणि गाडीपाशी नेलं. "खाला, तुम्ही ऱ्हात न्हाई तर ऱ्हाऊ द्या. ह्ये तरी घेऊन जावा."

त्यांनी डबा घेतला. कोवळ्या पानावरून बोट फिरवलं, आणि डबा परत माझ्या हातात दिला.

"भावाच्या घरात मला कुठं ठेवतील त्याचा पत्ता न्हाय, बेटा. ह्याला कुठं ठेवू?"