स्वल्प थांबणारे श्रीपादराव

डॉ. श्रीपादराव रोग्याला तपासण्याआधी आपले दोन्ही तळवे काखेत घट्ट दाबून धरत आणि तसेच त्याच्याशी गप्पा मारत बसत. बंगळूरच्या हिवाळ्यात सकाळी वॉर्डात चांगलाच गारठा असे. उघड्या पोटावर कुणी थंडगार हात ठेवला की पोट आखडतं, आणि आखडलेलं पोट डॉक्टरला काही सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हातांना ऊब येईपर्यंत ते थांबत. तोवर रोग्याचं गाव कोणतं, यंदा काय पेरलंय, सोबत कोण आलंय, हे सगळं विचारून होई.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षातला वॉर्डातला माझा पहिला दिवस होता. एका खाटेजवळ स्टुलावर कुणी उंच, किडकिडीत गृहस्थ बसले होते. अंगात बंद गळ्याचा जुना कोट, कपाळावर अंगाऱ्याची बारीक रेघ आणि हात काखेत. थंडीने काकडलेला रोग्याचा कुणी नातेवाईक असेल असं मला वाटलं. नव्या पांढऱ्या कोटाचा तोरा माझ्या अंगात होताच. मी त्यांना कन्नडमध्ये सांगितलं की आता मोठे डॉक्टर येतील, नातेवाइकांनी बाहेर थांबावं. ते मुकाट्याने उठले आणि दाराकडे चालू लागले. दारात सिस्टरनी विचारलं, "सर, कुठे निघालात?"

"ह्या अम्मांनी बाहेर थांबायला सांगितलंय," ते शांतपणे म्हणाले. "मोठे डॉक्टर येणार आहेत म्हणे."

सगळा वॉर्ड हसला. मला जमीन दुभंगावी असं झालं. ते मात्र परत येऊन स्टुलावर बसले आणि मला म्हणाले की रोग्याची काळजी करणारी मुलगी दिसतेस, इकडे ये, आधी ह्यांचं नाव विचार.

श्रीपादराव आमच्या कॉलेजात मेडिसिन शिकवत. त्यांचं घराणं आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या कन्नड मुलखात राहिलेलं मराठी. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी, असा आम्हां लोकांचा शिरस्ता होता, पण त्यांच्या तोंडी तिन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदत. सगळ्या विद्यार्थिनींना ते 'अम्मा' म्हणत आणि सगळ्या विद्यार्थ्यांना 'अण्णा'. कुणी उत्तर द्यायची घाई केली की म्हणत, "स्वल्प थांब." स्वल्प म्हणजे थोडं, हे बंगळुरात कुणालाही कळतं. पण ते हा शब्द दिवसातून इतक्यांदा वापरत की मुलांनी त्यांचं नावच 'स्वल्पराव' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा दारावर कुणी खडूने तसं लिहिलं, तर ते वाचून त्यांनी एवढंच सांगितलं की ल आणि प जोडून लिहितात, आणि स्वतः दुरुस्त केलं.

एकदा त्यांनी एका मजुराच्या पोटदुखीचं निदान केलं. आमच्यातला जयराम नावाचा अबोल मुलगा हळूच म्हणाला की यकृताच्या जागी दाबल्यावर ह्यांना जास्त दुखतंय, तिथे पू असेल का. सरांनी मान हलवली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. दुसऱ्या दिवशी राउंड सुरू होण्याआधी ते थेट त्या मजुरापाशी गेले. काल मी चुकलो होतो, असं त्यांनी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. ह्या अण्णाचं बरोबर होतं, आजपासून औषध बदलतोय. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "चूक डॉक्टरने झाकली की ती रोग्याला भोगावी लागते. म्हणून ती उघड्यावर बोलायची." जयरामला कुठे बघावं ते कळेना. मजूर बरा होऊन घरी गेला.

पण मला श्रीपादराव खऱ्या अर्थाने कळले ते माझ्यावरच वेळ आली तेव्हा.

क्षयाच्या वॉर्डात काम सुरू करण्याआधी विद्यार्थ्यांच्या छातीचा एक्स-रे काढत. माझाही काढला. काही दिवसांनी मला कचेरीत बोलावलं. माझ्या उजव्या फुप्फुसाच्या टोकाशी डाग आहे, असा एक्स-रे विभागाच्या डॉक्टरांचा अभिप्राय होता. त्या वयात, त्या जागी असा डाग म्हणजे क्षय, हे आम्हांला नुकतंच शिकवलेलं होतं. मी कॉलेजात येणं बंद करावं, सॅनिटोरियममध्ये जागा मिळेल तेव्हा जावं, वर्षभराने पाहू, असं मला सांगण्यात आलं. सांगणारे गृहस्थ सौजन्याने बोलले, पण बोलताना त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली.

मल्लेश्वरमला आमच्या घरी ही बातमी सांगितली तेव्हा माझे वडील, अण्णा, पूजेला बसले होते. त्यांनी ऐकलं आणि ते परत मंत्र म्हणू लागले, पण मध्येच कुठेतरी अडकले. क्षयाला तोवर औषधं आली होती, रोगी बरे होत होते, हे मी त्यांना समजावलं. घरात मात्र त्याची जुनी भीती होती. माझी धाकटी आत्या त्यानेच गेली होती. अण्णांनी पुढची खोली माझ्यासाठी रिकामी केली. आईने माझं ताट, वाटी आणि तांब्या वेगळा काढला. तो वेगळ्या कोनाड्यात ठेवताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून शेजाऱ्यांना सांगायचं ठरलं की सुमित्रा अभ्यासासाठी घरी आहे. मी खिडकीशी बसून आपला श्वास ऐकत राही. खोकला नव्हता, ताप नव्हता, पण ऐकता ऐकता मला छातीत घरघर ऐकू येऊ लागली.

सॅनिटोरियमला जाण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरचा निरोप घ्यावा म्हणून मी एका सकाळी कॉलेजात गेले. सर भेटू नयेत अशी इच्छा होती आणि नेमके तेच व्हरांड्यात समोर आले. इतके दिवस कुठे होतीस, असं त्यांनी विचारलं. मी दोन पावलं मागे सरून सगळं सांगितलं. मी मागे सरले तितके ते पुढे आले.

"तू फोटो पाहिलास?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, अभिप्राय वाचला.

"मग स्वल्प थांब. आधी माणूस बघू, मग फोटो, आणि कुणी काय लिहिलंय ते सगळ्यांत शेवटी."

त्यांनी सिस्टरला सोबतीला बोलावलं आणि माझी छाती तपासली, पुढून, मागून, सावकाश. वजन विचारलं, भूक विचारली. मग माझा एक्स-रे मागवून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग पेन्सिलीचं टोक त्या पांढुरक्या डागावर ठेवलं आणि मला म्हणाले, "हा कुठे संपतो ते दाखव."

मी पाहू लागले. डाग फुप्फुसाच्या टोकाशी होता खरा, पण तिथे थांबत नव्हता. गळ्याखालचं आडवं हाड ओलांडून तो वर मानेच्या कडेला चढला होता. मला त्याचा अर्थ लागेना.

"फुप्फुस संपलं तरी फुप्फुसाचा रोग पुढे चालत राहिला," सर म्हणाले. "असा रोग मी पाहिलेला नाही. फोटो कुठल्या वारी काढला?"

शुक्रवारी, मी म्हटलं.

"म्हणजे न्हाऊन आली असशील. केस ओलेच असतील."

हो, म्हटलं. माझी वेणी तेव्हा कमरेखाली येई आणि न्हाल्यावर संध्याकाळपर्यंत वाळत नसे. सरांनी हसू दाबलं. मला म्हणाले, सिस्टरकडून पिना घे, केस डोक्यावर उंच बांध आणि माझ्याबरोबर चल.

एक्स-रे विभागात गेल्यावर मी त्यांचं निराळंच रूप पाहिलं. तिथले डॉक्टर वयाने त्यांच्याहून लहान आणि मानी होते. मला वाटलं, सर आता पेन्सिल काढून त्यांना धडा शिकवतील. पण सर त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की मला ह्या फोटोतलं काही उमगत नाही, तुम्ही जरा माझ्याबरोबर बघाल का? दोघं दिव्याच्या पेटीपुढे वाकले. हा वरचा भाग काय असावा, असं सर विचारत राहिले, जणू पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. त्या डॉक्टरांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग ते सावकाश माझ्याकडे वळले आणि माझ्या डोक्यावरच्या अंबाड्याकडे पाहत राहिले.

"त्या दिवशी तुमची वेणी होती?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. वेणी गुंडाळून उजव्या खांद्यावर, मानेशी, एक्स-रेसाठी घातलेल्या झग्याच्या आत राहिली होती. फोटो काढणारा मनुष्य संकोची होता. मुलीला केस बाजूला घ्यायला कसं सांगावं म्हणून तो गप्प राहिला असणार.

"वेणी असू शकेल, सर," डॉक्टर म्हणाले.

"असं होतं का?" सरांनी विचारलं. "मग पुन्हा काढून पाहू या. तुमच्या लक्षात आलं हे बरं झालं."

दुसरा फोटो लगेच काढला. फिल्म धुऊन येईपर्यंत मी बाकावर बसले होते. ती ओलीच बाहेर आली. उजवं टोक डाव्यासारखंच स्वच्छ, काळंभोर. मी उठून जवळ गेले आणि पुन्हा पुन्हा तेच पाहत उभी राहिले. त्या डॉक्टरांनी स्वतः मला बसायला स्टूल दिलं आणि जुना अभिप्राय माझ्यादेखत रद्द केला. झालेला त्रास कसा भरून काढू, असं ते म्हणाले. यापुढे मुलींचे केस वर बांधण्यासाठी एक बाई तिथे असेल, असं त्यांनी ठरवलं आणि तसं केलंही.

बाहेर आल्यावर मी सरांना विचारलं की तुम्हांला तर आधीच कळलं होतं, मग सांगितलं का नाही. ते म्हणाले, "मी सांगितलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं. आता ते विसरणार नाहीत." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "माझ्या घरी तीन मुली आहेत, अम्मा. शुक्रवारी माझ्या घरात वेण्यांखेरीज दुसरं काही नसतं." आणि मग जरा कडक आवाजात मला विचारलं की आपला स्वतःचा फोटो मी मागवून का पाहिला नाही. मी म्हटलं, मोठ्यांनी लिहिलं होतं म्हणून. "मोठ्यांनी लिहिलं म्हणून कुणाची छाती आजारी होत नाही," ते म्हणाले. आयुष्यभर पुरेल एवढं मी त्या एका वाक्यातून घेतलं.

घरी मी एकटीने जाऊन सांगितलं असतं तर अण्णांनी विश्वास ठेवला नसता. सरांना ते न सांगता कळलं असावं. संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. अण्णांनी घाईघाईने उपरणं घेतलं. सरांनी त्यांना अगदी साध्या शब्दांत सगळं समजावलं, दोन्ही फोटो खिडकीशी नेऊन दाखवले. अण्णा ऐकत होते, मान हलवत होते, पण चेहरा सुटत नव्हता. तेव्हा सर माझ्याकडे वळून म्हणाले की घसा कोरडा पडला, पाणी आण, तुझ्याच तांब्यातून आण. मी आईकडे पाहिलं. आई कोनाड्याकडे पाहत होती. मी तो तांब्या भरून आणला. सरांनी तोंड लावून पाणी प्यायलं, एरवी त्यांच्यासारखा सोवळ्यातला माणूस वरून प्यायला असता, आणि तांब्या रिकामा करून खाली ठेवला.

अण्णा खांबाला टेकून खाली बसले आणि उपरण्यात तोंड लपवून रडू लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आईने तांब्या उचलला, घासला आणि इतर भांड्यांत मिसळून टाकला. त्या रात्री आम्ही सगळे एका पंक्तीला जेवलो. बहिणी उगाचच हसत होत्या आणि अण्णा त्यांना रागावत नव्हते.

पुढे मी पास झाले आणि काही वर्षांनी सरांच्याच हाताखाली शिकवू लागले. माझा तो फोटो सर दरवर्षी नव्या मुलांना दाखवत. माझ्या परवानगीने, आणि नाव झाकून. मुलं हमखास क्षय म्हणत आणि सर त्यांना स्वल्प थांबायला सांगत. मी मागे उभी राहून ऐकत असे.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या मध्यावर ते निवृत्त झाले आणि देवनहळ्ळीजवळ त्यांची थोडी शेती होती तिथे राहायला गेले. तिथेच पुढे काही वर्षांनी, दुपारी जेवून आडवे झाले असताना, झोपेतच गेले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या की त्यांना काही त्रास झाला नाही, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाइतकंच समाधान होतं.

मला मात्र त्यांचा वॉर्डातला शेवटचा दिवस आठवतो. मुलांनी हार आणले होते. सरांनी ते टेबलावर ठेवायला सांगितलं आणि नेहमीसारखा राउंड घेतला. त्यांच्या जागी ही खोली, ह्या खाटा उद्यापासून मी सांभाळायच्या होत्या आणि मला सकाळपासून जेवण गेलं नव्हतं. शेवटच्या खाटेवर हृदयविकाराची एक म्हातारी होती. हारांची गडबड बघून तिला काय ते कळलं असावं. तिने सरांचा हात धरला आणि विचारलं की तुम्ही चाललात, आता उद्या मला बघायला कोण येणार?

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या येतील," ते म्हणाले. पुढे माझं कौतुक नाही, शिफारस नाही, काही नाही.

म्हातारीने मला नीट न्याहाळलं. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणाली, सरांचा हात सोडला, आणि कूस बदलून निवांत झोपी गेली.