भावाच्या नावाचा प्रश्न

आई गेली त्या दिवशी माझा धाकटा भाऊ हैदराबादच्या विमानतळावर अडकून पडला होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

तो तिकडे इंजिनिअर. मी जबलपूरला, चेरीतालच्या घरात आईजवळ. लग्न केलं नाही, शाळेतल्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. भाऊ आधी वर्षातून तीन-चारदा यायचा, मग येणं कमी झालं. विमानतळावर दर वेळी बाजूला घेतात, तासन्‌तास विचारतात, असं सांगायचा. सरकारच्या कुठल्याशा यादीत त्याच्याच नावाचा दुसरा एक माणूस आहे, हे त्याला एका अधिकाऱ्यानं हळूच सांगितलं होतं. मला काही ते पटायचं नाही. त्याच्या बायकोचं आणि आईचं फारसं जमत नव्हतं. न येण्याचं निमित्त शोधतो, असंच मी धरून चालले होते.

मे महिन्यात आईला झटका आला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. भावानं त्याच दिवसाचं तिकीट काढलं. दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, विमान गेलं. मला बसवून ठेवलं आहे. नुसते विचारून राहिले, सोडून नाही राहिले."

"आज तरी खरं बोल," मी म्हटलं.

मीच फोन ठेवला.

आई शुद्धीवर होती. जीभ जड झाली होती, पण तिनं विचारलं ते मला नीट कळलं. "काहून नाही आला?" तीन दिवसांची जागी होते मी, चिडलेलीही होते. म्हटलं, "त्याला कामं आहेत, आई." तिनं मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर ती माझ्याशीही बोलली नाही. दिवेलागणीला गेली.

भाऊ रेल्वेनं आला. उन्हाळा असा होता की त्याच्यासाठी थांबता आलं नाही. घरात शिरल्यावर तो सरळ आईच्या रिकाम्या पलंगापाशी जाऊन उभा राहिला. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं. त्या दहा दिवसांत आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

दोन-तीन महिन्यांनी माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया हैदराबादला करायचं ठरलं. तो न्यायला आला, रेल्वेनंच. पण डॉक्टरांची वेळ जवळची होती, म्हणून परतीचं तिकीट विमानाचं काढलं. जबलपूरच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझा पास लगेच दिला. त्याचं नाव टाकलं आणि तिचा चेहरा बदलला. "सर, दो मिनट," म्हणत ती उठून गेली. दोन माणसं आली.

तोवर भावानं पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली होती. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बाबांच्या नोकरीचं ओळखपत्र, कंपनीचं पत्र. कुणी मागायच्या आधी एकेक कागद तो काउंटरवर मांडत गेला. ना आवाज चढवला, ना हुज्जत घातली. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "तू बसून घे ताई, वेळ लागते."

मी खुर्चीवर बसले आणि मला रडू आवरेना. शेजारच्या बाई विचारू लागल्या, दीदी, क्या हुआ? काय सांगणार होते त्यांना?

त्या दिवशी विमान सुटायच्या बेतात असताना त्याला सोडलं. हैदराबादला पोचल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. आईनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. तो म्हणाला, "म्हणजे आई तसंच समजून गेली." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

डोळा बरा झाल्यावर मी आमच्या खासदारांकडे गेले. प्रवाशांची नावं अशी कोण तपासतं, चुकून अडकलेल्यानं कुठे दाद मागायची, या सगळ्यावर संसदेची नजर असते की नाही, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. प्रश्न लेखी द्या म्हणाले. मी शाळेतल्या पेपरासारखे त्याचे चार भाग पाडून दिले. संसदेत कुठले प्रश्न घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं; दोन अधिवेशनं माझा प्रश्न निघाला नाही. तिसऱ्यात निघाला. उत्तर अर्ध्या पानाचं आलं. व्यवस्था आहे, तिच्यावर योग्य देखरेख आहे, तपशील सांगणं सुरक्षेच्या दृष्टीनं बरं नाही, असा त्याचा मतलब.

मी विचारलं, देखरेख कोण ठेवतं? खासदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, वो हमें भी नहीं बताते."

माणूस खोटा नव्हता. त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेऊन तो संसदेच्या एका समितीकडेही पाठवला. समितीनं मला दिल्लीला बोलावलं नाही, अर्ज मिळाल्याचं पत्र मात्र आलं. पुढे निवडणुका लागल्या, सभागृह विसर्जित झालं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की सभागृहाबरोबर जुना अर्जही रद्द धरतात, नव्यानं द्यावा लागेल. आमचे खासदारही बदलले होते.

भावाला फोनवर सांगितलं, परत अर्ज करते.

"काहून करून राहिली ताई? राहू दे," तो म्हणाला. "विमानानं कोणाकडे यायचं आहे आता मला?"

मी आहे ना, असं तोंडावर आलं होतं. बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या खासदारांच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून तरुण होता, नम्र होता. अर्ज त्यानं उलटून पाहिला आणि हिंदीत विचारलं, "तकलीफ किसको है, माताजी? आपको?"

मी हो म्हटलं.