एस्लिन टीचरच्या मरणचिठ्ठ्या

आमच्या बेटावरच्या ग्वाव गावात माणूस खरोखर मेला की नाही, हे दुपारी साडेबाराच्या रेडिओवर ठरतं. डॉक्टर काय, काहीही लिहून देतात. रेडिओवर नाव, ऊर्फ आणि मागे राहिलेल्यांची लांबलचक यादी वाचली गेली, की मगच लोक काळे कपडे इस्त्रीला काढतात. रेडिओवर वाचायची ही चिठ्ठी गावात एकच बाई लिहायची, एस्लिन फ्रेडरिक टीचर. चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या वह्या लाल केल्या आणि निवृत्त झाल्यावर मेलेल्यांची आयुष्यं तपासायला घेतली.

मी आयोनी, त्यांची शेजारीण. सकाळच्या बसने मासे घेऊन राजधानीला, सेंट जॉर्जेसला जाते, म्हणून रेडिओ स्टेशनवर चिठ्ठी पोचवायचा मान माझा.

टीचरचं म्हणणं असं, की माणसाने काय केलं ते कोणीही सांगेल. कसं केलं ते सांगायला हिंमत लागते. आमच्या इंग्रजीत ‘केलं’च्या आधी ‘कसं’ ते सांगणारा एक शब्द नेमका बसतो, आणि टीचर तो बसवायच्या. बसवाल्या रुडॉल्फने ‘तीस वर्षं बेफामपणे बस चालवली’. चर्चमध्ये गाणाऱ्या मिस थिओडोरा ‘मोठ्याने गायल्या’. त्यांची मुलगी रडत आली.

“टीचर, ‘गोड’ लिहा ना. आई गेलीय हो आमची.”

“गेली म्हणून गळा सुधारतो का गं?”

पाद्रीच्या नरकाला गावात कोणी भीक घालत नव्हतं, पण टीचरच्या पेन्सिलीला सगळे टरकून असत. साठी ओलांडलेले लोक अचानक शेजाऱ्यांशी गोड बोलू लागत. कोणी घरी मासा पाठवी. टीचर मासा ठेवून घेत आणि शब्द होता तोच ठेवत.

एवढ्या सत्यवचनी बाईंना एक सख्खा भाऊ होता, कथबर्ट अंकल. रस्त्याच्या पलीकडेच राहायचे. दोघांत अठरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. आई गेली तेव्हा चिठ्ठी अंकलनी लिहिली. ब्रुकलिनचे भाचे, टोरंटोची सून, ज्याला कोणी कधी पाहिलं नाही तो त्रिनिदादचा मावसभाऊ, सगळे घेतले. एस्लिन तेवढी राहिली. म्हातारीला मुलगीच नव्हती, असं साऱ्या बेटाने ऐकलं.

“अगं, तू टेबलाशी समोरच बसली होतीस,” अंकल म्हणाले. “समोरच्या माणसाला कोण विसरेल, असं वाटलं मला.”

हा खुलासा टीचरना पटला नाही. पुन्हा कोणाचं नाव राहू नये म्हणून गावाच्या चिठ्ठ्या त्यांनी हातात घेतल्या. ते शब्दांचं खूळ मागाहून आलं.

यंदा ईस्टरच्या आधी अंकलनी अंथरूण धरलं. मला हाक मारून म्हणाले, “आयोनी, तिला विचार, माझ्यासाठी कुठला शब्द ठेवलाय.”

टीचर नीरफणस चिरत होत्या. “त्याला सांग, आधी मर. जिवंत माणसाचे पेपर मी तपासत नाही.”

अंकल हसले, मग बराच वेळ खोकले. “मग तिला म्हणावं, येऊन बघून जा. लिहायला सोपं जाईल.”

“उद्या बघू,” टीचर म्हणाल्या.

हा उद्या नऊ दिवस चालला. रस्ता बारा पावलांचा. अंकल रोज मला आपल्या अंगात स्वच्छ शर्ट घालायला लावत, दार उघडं ठेवायला सांगत, आणि खाटेशी एक खुर्ची मांडून घेत. आणि मी शहाणी, टीचरचा हात धरून त्यांना ओढत न्यायचं सोडून निरोप पोचवत बसले. त्याचा मला अजून राग येतो.

दहाव्या दिवशी सकाळी टीचरनी चर्चची टोपी घातली, नारळाच्या दुधात शिजवलेल्या नीरफणसाचं, ऑइल डाऊनचं, गरम पातेलं घेतलं आणि रस्ता ओलांडला. अंकल दाराकडे तोंड करून पडले होते. पहाटेच गेले होते.

आता गावाला भलताच उत्साह आला. भावाला कुठला शब्द? न्हाव्याचं मत ‘निष्काळजीपणे’. त्याची बायको म्हणाली, टीचर त्याहून कडक काढतील. टीचर दिवसभर दार लावून बसल्या आणि पहिल्यांदाच चिठ्ठी बंद पाकिटात दिली.

दुसऱ्या दिवशी मी मासे लवकर विकून परतले. रमच्या दुकानापाशी सगळं गाव रेडिओला कान लावून उभं होतं.

“ग्वावचे कथबर्ट फ्रेडरिक, ऊर्फ लाँगबोट. त्यांनी प्रामाणिकपणे मासेमारी केली. एकदा चुकून एक नाव गाळलं. शेवटचे नऊ दिवस त्यांनी धीराने वाट पाहिली.” मग ब्रुकलिन, टोरंटो, तो त्रिनिदादचा मावसभाऊसुद्धा. शेवटी, “आणि बहीण एस्लिन, जी समोरच राहत होती आणि उशिरा आली.”

न्हाव्याने टोपी काढली.

मी टीचरकडे गेले. त्या टेबलाशी बसल्या होत्या. रेडिओ त्यांनी लावलाच नव्हता.

“नीट वाचलं?”

“नीट वाचलं, टीचर.”

“माझं नाव घेतलं?”

“घेतलं.”

त्या मोठ्याने रडल्या. ‘मोठ्याने’ हा शब्द माझा आहे, आणि मी तो बदलणार नाही.