अन्वीचा गुडघा

"मुलीचं दुखणं घराबाहेर जाऊ द्यायचं नसतं..." आई हे म्हणाली तेव्हा मी नववीत होते. सायकलवरून पडून हात मोडला होता, आणि मामेबहिणीच्या लग्नात आईने माझ्या प्लास्टरवर शाल पांघरली होती. भर मे महिन्यात!

मला वाटायचं, अमेरिकेत एडिसनला येऊन इतकी वर्षं झाली, ते वाक्य साताऱ्यातच राहिलं असेल. नव्हतं राहिलं.

अन्वी, माझी लेक, अकरावीत आहे. लहानपणापासून सॉफ्टबॉल खेळते आणि तिला कॉलेजच्या टीममधून खेळायचंय. बाकी काही मागत नाही ती. गेल्या वर्षी एका मॅचमध्ये तिने स्लाइड केलं, म्हणजे धावत येऊन जमिनीवर घसरत बेस गाठायचा... आणि ती उठलीच नाही. गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं.

ऑपरेशन झालं. कॉलेजचे कोच ज्या उन्हाळ्यात गावोगाव मुलींचे खेळ बघत फिरतात, तो अख्खा उन्हाळा तिने सोफ्यावर काढला. शाळा सुरू झाल्यावर मैत्रिणींपैकी एकेकीचं कॉलेज ठरू लागलं. ती त्यांचे फोटो लाइक करायची आणि फोन पालथा ठेवून द्यायची.

ती कुबड्या घेऊन चालायची तेव्हाची गोष्ट. इथल्या ओक ट्री रोडवर, देशी दुकानात किराणा घेताना एक ओळखीच्या काकू भेटल्या. "अगंबाई, काय झालं गं हिला?"

"काही नाही काकू, जरा मुरगळलाय," मी पटकन म्हणाले.

गाडीत बसल्यावर अन्वी माझ्याकडे बघतच राहिली. "मुरगळलाय? आई, देअर इज अ स्क्रू इन माय लेग!"

मग ईमेल्स सुरू झाले. इथे कोचना मुलीने स्वतः लिहायचं असतं, आईवडिलांनी लिहिलेलं त्यांना चालत नाही. म्हणून मी "नुसती मदत" करत होते... म्हणजे सगळं मीच लिहीत होते. जुन्या मॅचेसच्या क्लिप्स जोडून एक देखणा व्हिडिओसुद्धा केला. गुडघ्याबद्दल अक्षर नाही.

अभयने, माझ्या नवऱ्याने, मागे उभं राहून तो मेल वाचला. "छान झालंय. वर्ण गोरा आणि गृहकृत्यदक्ष तेवढं राहिलं. स्थळ बघतेयस का तिला?"

"अरे, आधी एकदा तिचा खेळ तर बघू देत. मग सांगूच ना."

"आई, मी शॉर्ट्स घालून खेळते," अन्वी तिकडून म्हणाली. "दे विल सी द स्कार."

तो मेल गेला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला बेसमेंटमध्ये नेलं, हातात फोन दिला आणि म्हणाली, "शूट कर." पाय समोर करून ती कॅमेऱ्याकडे बघत होती. "हाय कोच, धिस इज माय नी..."

पुढचे कितीतरी आठवडे मी शूट करत राहिले. एका पायावर उभं राहताना तिचं डगमगणं, हळूहळू धावणं, भिंतीवर आपटून परत आलेला बॉल वाकून उचलणं. एकदा ती तोल जाऊन पडली. तेवढं काढून टाक, मी विनवलं. "नो," एवढंच म्हणाली. ते तसंच गेलं.

नंतर नुसती शांतता. एक-दोन ठिकाणांहून "जागा भरल्या" असं गोड शब्दांत आलं, बाकीच्यांनी तेही केलं नाही. तिचा फोन वाजला की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मनात यायचं... आईच बरोबर होती का?

आणि एका दुपारी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचबाईंचा फोन आला. अन्वीने स्पीकरवर टाकला. भसाडा आवाज, नमस्कार-चमत्कार काही नाही. होमरनचे, म्हणजे षटकारासारख्या फटक्यांचे व्हिडिओ सगळ्याच मुली पाठवतात, त्या म्हणाल्या, पण तुझा पाय आता काय करू शकतो ते तू दाखवलंस. डॉक्टरांनी परवानगी दिली की आमच्या कॅम्पला ये, तिथे खेळ बघूनच आम्ही मुली निवडतो. शेवटी विचारलं, कॅमेरा कोण धरतं गं? फार हलतो.

"माय मॉम," अन्वी म्हणाली. "शी इज स्केअर्ड."

बाई हसल्या. म्हणाल्या, तिलाही घेऊन ये.

डॉक्टरांची परवानगी मिळाली. आज तो कॅम्प आहे. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून हे लिहितेय. टीममध्ये एकच जागा उरलीय, आलेल्या मुली खूप आहेत, आणि बाईंनी कसलाच शब्द दिलेला नाही.

हे सगळं अन्वीला विचारून लिहितेय. सोबतचा गुडघ्याचा फोटोही तिनेच निवडलाय. आई, तू साताऱ्यात हे वाचशील, रागावू नकोस. शाल घालायला मी फार धडपडले गं, पण ही पोरगी शाल अंगावर ठेवूच देत नाही... आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

समोर ती शूज बांधतेय. मधेच अंगठ्याने गुडघा दाबून बघितला. मी बघतेय हे तिला माहीत नाही. आता बेसवर धावायची पाळी येईल, आणि कोचबाईंना नेमकं तेच बघायचंय.

ती काय उत्तर देणार ते मला ठाऊक आहे. तरी गाडीतून उतरतेय, जाळीपाशी जाऊन तिला एवढंच म्हणायला...

"अनू, माझं एक ऐकशील? आज स्लाइड नको करूस. उभ्यानेच पोच बेसवर."